काजळीतला लंगडा ‘के’

धाकटी अक्षरं काढायला शिकली ती थडग्यांच्या दगडांवर. तिचे वडील पाथरवट. दफनभूमीच्या फाटकासमोर त्यांची पत्र्याची शेड होती, आणि गावातल्या बहुतेक मेलेल्यांची नावं त्यांच्या छिन्नीखालून गेलेली होती. त्यांना वळण एकच येत असे, रोमन लिपीच्या जुन्या हस्तलिखितांतलं, ज्याला गॉथिक म्हणतात ते. जाड, काळंकुट्ट, टोकदार. त्यात गोलाई नाही. जिथे अक्षर वळायला हवं तिथे ते मोडतं. उभ्या रेघा खिडकीच्या गजांसारख्या दाटीवाटीने उभ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्याला नि पायाला पत्त्यातल्या चौकटीसारखा तिरपा ठिपका. बाबा घरातली किराण्याची यादीसुद्धा ह्याच वळणात लिहीत. वाणी म्हणायचा, “तुमचं मीठ-साखर वाचताना उगीचच टोपी काढावीशी वाटते.”

पुढे धाकटी शिकली, टाईप आखण्याच्या धंद्यात पडली. म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरांचे संच तयार करायचे नि विकायचे. बाबांचा हात थरथरायला लागला तेव्हा तिच्या मनाने घेतलं की हे वळण त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचं नाही. दगडांवर कागद धरून, वर कोळसा घासून तिने त्यांच्या अक्षरांचे ठसे घेतले, आणि घरच्यांनी आशा सोडावी इतका वेळ घेऊन त्यांचा फॉन्ट केला. नाव ठेवलं ‘काजळी’.

विकायला काढण्याआधी नमुन्याची पुस्तिका छापायची होती. ती दादाने छापली. दादा तिचा थोरला भाऊ. बाजारामागे त्याचा छापखाना होता. छपाईत त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे. पहिली प्रत बाबांच्या हातात पडली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी नेला आणि म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण तुझा ‘के’ लंगडतोय.”

खरंच होतं. छोट्या ‘के’चा पुढचा पाय ओळीला टेकतच नव्हता, किंचित वर राहून गेला होता. धाकटी जीभ चावून हसली. तिने पाय लांबवला, दादाने पुस्तिका पुन्हा छापली, शाई फुकट गेली म्हणून आठवडाभर तिला टोमणे मारले, आणि मग ‘काजळी’ बाजारात गेली.

ती चालली. कुणाला वाटलं नव्हतं इतकी चालली. गावच्या वर्तमानपत्राने आपलं नाव त्यात बसवलं, म्हणे त्याने पेपर जुना वाटतो. विद्यापीठाने पदव्यांच्या कागदावर घेतली. दारूच्या बाटल्यांवर ती आली, न्हाव्याच्या पाटीवर आली, ज्यांच्या गाण्यातला एकही शब्द कळत नाही अशा पोरांच्या बँडच्या बनियनवर आली. गोंदवणारे तर तिच्यावर तुटूनच पडले; दंडावर आईचं नाव हवं तर काजळीतच. गिऱ्हाइकांना धाकटी एकच सांगे: “एकदोन शब्दांना वापरा. परिच्छेद लावाल तर वाचणारा शिव्या देईल. सगळी कॅपिटल अक्षरं तर अजिबात नकोत, नुसतं कुंपण दिसेल.” बाबांना मात्र हे सगळं चमत्कारिक वाटे. “जिवंत माणसांशी इतक्या करड्या आवाजात कशाला बोलायचं?” ते म्हणत. पण पेपर आला की आधी वरचं नाव बोटाने चाचपून बघत.

त्याच सुमारास गावात मंडळ आलं. ‘गावराखे’ म्हणवून घेत. नदीपलीकडून पोटासाठी आलेली माणसं ह्यांच्या डोळ्यात सलत होती. सुरुवातीला सभा झाल्या, मग मिरवणुका. दादा सभांना जायला लागला. धाकटीने विचारलं तर म्हणाला, “अगं, मला साहेब म्हणतात तिथे. खुर्ची देतात. बाजारात मला काय म्हणतात? ए प्रेसवाला!” ती हसली आणि विषय तिथेच राहिला.

धाकटीच्या गल्लीत एक शिंपी राहत असे. खाली दुकान, वर घर, घरात तो आणि त्याची बायको. तोही नदीपलीकडचा, पण आता इतकी वर्षं झाली होती की कुणाच्या ध्यानातही नसायचं. एका सकाळी धाकटी भाजी घेऊन परतत होती, तर तो दुकानासमोर उभा राहून आपल्याच दाराकडे टक लावून बघत होता. दारावर कागद चिकटवलेला होता.

“ताई, बरं झालं आलात. हे काय लिहिलंय हो? मला साधी अक्षरं येतात वाचता. ही कसली म्हणायची, काटेरी तारा?”

कागदावर काजळी होती. आणि धाकटीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की छान लावलंय. अक्षरांमधलं अंतर अचूक, शाई एकसारखी गडद, मजकूर कागदाच्या मध्यावर नेमका तोललेला. एवढं सगळं मनात येऊन गेल्यावर तिने वाचलं. वाचून झाल्यावर भाजीची पिशवी खाली ठेवली.

“सांगा ना,” शिंपी म्हणाला.

खोटं सांगावं असं तिला क्षणभर वाटलं. पण तो कुणाकडून तरी वाचून घेणारच होता.

“लिहिलंय, ‘तुम्ही कोण ते आम्हाला ठाऊक आहे. चालते व्हा. पुन्हा सांगणार नाही.’”

शिंपी हसला. “एवढंच? मला वाटलं न्यायालयाचा हुकूम आला की काय. दिसतंय तरी तसंच. काय रुबाब!” कागद फाडून त्याने चुरगळला, टोपलीत टाकला आणि मशीनवर जाऊन बसला. “तुमचा तो कोट परवा देतो. अस्तर बदलायला लागणार.”

आठवड्याच्या आत दुकानाला आग लागली. भर दुपारी. शिंपी कपडे पोचवायला गेला होता. बायकोला ताप होता, ती वर झोपली होती. खाली कापडच कापड. खिडकीतून आत काहीतरी पेटतं पडलं आणि जिना आधी गेला. लोक धावले, बादल्या आणल्या, शिडी आणली, ती आखूड पडली. धाकटीही बादली घेऊन त्या लोकांत होती. शिंपी परत आला तेव्हा चौघांनी त्याला धरून ठेवलं होतं. त्याच्या खांद्यावर गिऱ्हाइकाने परत केलेली एक विजार तशीच लोंबत होती.

दोन दिवसांनी इन्स्पेक्टर धाकटीकडे आला. दमलेला, सरळ माणूस. दुसऱ्या एका दारावरून सोडवलेला तसाच कागद त्याने टेबलावर ठेवला.

“ही अक्षरं तुमची ना, ताई?”

“माझी.”

“कुणी छापलं ते कळेल ह्यावरून?”

“कसं कळणार? शेकडो लोकांनी विकत घेतलाय फॉन्ट. कुणीही असू शकेल.” ती तेव्हा खरं तेच सांगत होती.

“मला तसंच वाटलं,” तो म्हणाला. “तरी बघून ठेवा. काही सुचलं तर या.” कागद तिथेच ठेवून तो गेला.

तिला तो कागद घरात नको होता. उचलून कपाटात टाकावा म्हणून तिने तो हातात घेतला, तेवढ्यात खिडकीचा उजेड त्यावर पडला. मजकुरात ‘के’ तीनदा आला होता. तिन्ही वेळा त्याचा पुढचा पाय ओळीला टेकत नव्हता.

तिने कागद उजेडात नीट धरला. भिंग आणून पुन्हा बघितलं, पुस्तिकेशी ताडून बघितलं, शाई कमी पडली असेल, कागद हलला असेल अशी हजार कारणं स्वतःला सांगून बघितली. पण लंगडा ‘के’ बाजारात कधी गेलाच नव्हता. तो जगात दोनच ठिकाणी होता: तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आणि दादाच्या छापखान्यातल्या जुन्या मशीनवर.

ती छापखान्यात गेली तेव्हा दादा मशीनचा शाईचा रूळ पुसत होता. वहिनी मागच्या खोलीत कागद मोजून गठ्ठे बांधत होती. धाकटीने कागद त्याच्यासमोर धरला.

“हे तू छापलंस?”

दादाने कागदाकडे बघितलंच नाही. “लग्नपत्रिका छापतो, पावत्या छापतो, हेही छापलं. गिऱ्हाईक आलं, मजकूर दिला, छापला. प्रेसवाल्याने मजकुराला जात विचारायची असते का?”

“दादा, ती बाई जळून मेली.”

“मी जाळली? मी काडी ओढली?” त्याचा आवाज चढला, मग लगेच उतरला. “मला वाटलं नुसतं घाबरवायचंय. घाबरतील नि जातील. मी म्हटलं, घाबरवायचंच तर नीट दिसायला हवं. म्हणून तुझी काजळी लावली. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की वरून आलंय, सरकारातून.”

“म्हणजे अक्षरं तू निवडलीस? त्यांनी नाही?”

दादा रूळ पुसत राहिला. मागच्या खोलीतली कागदांची सळसळ थांबली होती.

“कोण घेऊन आलं होतं मजकूर?”

“ते विचारू नकोस.” मग त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. “तुला कसं कळलं?”

तिने सांगितलं. दादाच्या तोंडून हसण्यासारखा काहीतरी आवाज निघाला. “त्या ‘के’पायी? पुस्तिका दुसऱ्यांदा नव्या मशीनवर काढली होती, ह्या जुन्यावर नवा फॉन्ट चढवलाच नाही. कंटाळा, दुसरं काय.” रूळ खाली ठेवून त्याने हात पुसले. “कुणाला बोललीस?”

“नाही अजून.”

“मग बोलू नकोस,” दारातून वहिनी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. “तुझ्या पाया पडते, धाकटे. आमच्या पोरींच्या तोंडाकडे बघ.”

रात्रभर धाकटीच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती बाबांच्या शेडवर गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. मांडीवर ठेवलेला हातोडा त्यांच्या थरथरीबरोबर हलत होता.

“घरातलं घरात राहू दे,” ते म्हणाले. “बाई तर परत येणार नाही. पोराला घालवून काय मिळेल?”

ती काही बोलणार तोच दारात सावली पडली. शिंपी होता. त्याच्या अंगावर कुणाचा तरी मोठा शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. माप चुकलेला कपडा त्याच्या अंगावर बघून धाकटीला भडभडून आलं.

“दगड करायचाय,” तो बाबांना म्हणाला. “नाव घालायचं. पण एक आहे, ही अक्षरं नकोत.” भिंतीला टेकवलेल्या दगडांकडे त्याने हात केला.

“मला दुसरी येत नाहीत रे बाबा.”

“मग ताई काढून देतील. साधी. शाळेच्या पुस्तकात असतात तशी. तिला वाचता येतील अशी.” आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो थांबला. मग धाकटीकडे वळला. “तुम्ही मला वाचून दाखवलंत तेव्हा मी हसलो होतो ना? वर जाऊन तिलाही तसंच हसत सांगितलं. ती म्हणाली, आपण थोडे दिवस माझ्या बहिणीकडे जाऊ या. मी म्हटलं, कोट अर्धा राहिलाय.”

त्याने कागदावर नाव लिहून दिलं आणि गेला. बाबा त्या कागदाकडे बघत राहिले. शेवटी खडू उचलून त्यांनी दगडावर एक साधं, गोल अक्षर काढून बघितलं. ते वाकडं आलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा वाकडं आलं.

“बाबा, मी काय करू?”

“मला विचारू नकोस,” पाठमोरेच ते म्हणाले. “मी दोघांचा बाप आहे. तुला जायचं तिथे जा, पण माझ्या तोंडून वदवून घेऊ नकोस.”

ती तिथून सरळ चौकीवर गेली. इन्स्पेक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि पेनचं टोपण लावून म्हणाला, “भाऊ आहे तुमचा. लिहून घेतलं की मागे फिरता येणार नाही. चहा घ्या, विचार करा.” तिने चहा घेतला नाही. संध्याकाळपर्यंत छापखान्याला सील लागलं.

खटला उभा राहिला तेव्हा मागच्या बाकांवर गावराखे दाटीने बसत. कुणी काही बोलत नसे, नुसते बसत. धाकटीने मोठ्या कागदावर दोन्ही ‘के’ काढून दाखवले, एक टेकलेला, एक लंगडा. दादाच्या वकिलाने तिची रेवडी उडवली.

“म्हणजे एका अक्षराच्या पायावरून तुम्ही सख्ख्या भावाला तुरुंगात धाडताय?”

“मी कुणाला धाडत नाही. जे दिसतं ते सांगतेय.”

“स्वस्तातल्या छपाईत असे पाय तुटतात, बाई. शाई कमी पडते, मशीन जुनं असतं, छापणारा हलक्या हाताचा असतो. असल्या चुका कुठल्याही फडतूस छापखान्यात होतात. बरोबर?”

तिने उत्तर द्यायच्या आधीच आरोपीच्या पिंजऱ्यातून आवाज आला. “माझ्या मशीनवर पाय तुटत नाहीत!”

न्यायालयात कुणीतरी फिसकन हसलं. वकिलाने कपाळाला हात लावला. दादाचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून बसलो ते त्याला बोलल्यावर कळलं. धाकटीने मान खाली घातली. लहानपणापासून तिला ठाऊक असलेला दादा तो हाच, आपल्या कामाला कुणी नाव ठेवलं की ज्याला दम धरवत नसे तो.

धमकीचे कागद छापल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मजकूर कुणी आणला हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आगीबद्दल कुणालाच शिक्षा झाली नाही, पुरावा नव्हता. निकालाच्या दिवशी मागच्या बाकांवरची माणसं शांतपणे उठली, कपडे झटकले आणि जेवायला गेली. बाहेर पायऱ्यांवर वहिनी धाकटीच्या समोर आली. “झालं समाधान?” एवढंच म्हणून ती पोरींचे हात धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. वर पेपरचं नाव, काजळीत.

धाकटीने काजळी विक्रीतून काढून घेतली. ज्यांनी घेतली होती त्यांना कळवलं की शक्य असेल तर वापरणं थांबवा, पैसे परत देते. विद्यापीठाने पोच दिली नाही. पेपरवाले म्हणाले, आता लोकांची सवय झाली. एका गोंदवणाऱ्याने प्रामाणिकपणे विचारलं, “दंडावरून परत कसं करायचं, ते सांगा.” वर्ष उलटायच्या आत दूरच्या एका शहरातल्या दारांवर तसेच कागद लागल्याची बातमी आली. फोटो होता. तिने बघितलं. ‘के’ नीट टेकलेला होता. म्हणजे कुणीतरी रीतसर विकत घेतलेला.

बायकोचा दगड बसल्यावर शिंपी गाव सोडून गेला. बाबांनी तो दगड करायला खूप वेळ लावला. अक्षरं जरा वरखाली झाली होती, शाळेतल्या पोराने काढल्यासारखी, पण वाचता येत होती. त्यानंतर त्यांनी छिन्नी धरली नाही. मग कंबर गेली, आणि ते अंथरुणाला खिळले. धाकटीशी ते बोलत, पण दादाचं नाव काढत नसत, आणि तिने काढलं तर भिंतीकडे तोंड करत.

दादाने तिला भेटायला येऊ दिलं ते बऱ्याच महिन्यांनी. काचेपलीकडे तो वाळला होता; केस बारीक कापलेले, कान मोठे दिसत होते.

“बाबा कसे आहेत?”

“आहेत.”

“मला माहितीय कोण आलं होतं,” तो मध्येच म्हणाला. “इथेही त्यांची माणसं आहेत. जेवताना शेजारी येऊन बसतात. साहेब म्हणतात अजून.” त्याने ओठांवरून जीभ फिरवली. “मी तोंड उघडलं तर ते माझ्याकडे येणार नाहीत. तुझ्या वहिनीकडे जातील. आपलं घर लाकडी आहे ना.”

“मी इन्स्पेक्टरला सांगू?”

“सांगून बघ. तो बदली होऊन गेला.” मग तो म्हणाला, “तू केलंस ते बरोबर केलंस की नाही, हे मला विचारू नकोस. माझा राग जात नाही. पण ये अधूनमधून.”

बाहेर बसथांब्यावर वहिनी उभी होती. तीही भेटायलाच आली होती, धाकटीच्या आधीच्या पाळीला. एकच बस होती. दोघी चढल्या, वहिनी पुढे बसली, धाकटी मागे. रस्ताभर वहिनीने मान वळवली नाही. गावात उतरल्यावर ती चार पावलं पुढे गेली आणि थांबली.

“उद्या बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय,” ती समोर बघतच म्हणाली. “जिन्यावरून उतरवायला दोघी लागतील. लवकर ये.”

“येते,” धाकटी म्हणाली. वहिनी पदर सारखा करून चालायला लागली होती.